नोटेवर चेहरा कोणाचा? नावं काढण्याआधीची आणि नंतरची कामं

नोटेवर कोणाचं चित्र असावं, हा विषय निघायचा अवकाश, की नावांचा पाऊस सुरू होतो. प्रत्येकाकडे एक नाव तयार असतं आणि शेजारच्याच्या नावाला एक आक्षेपही. अर्ध्या तासात दोन तट पडतात आणि बैठक पुढच्या तारखेवर जाते. माणसं चुकीची नसतात, क्रम चुकलेला असतो. निम्मा रस्ता कापून झाल्यावर नावाची पाळी यायला हवी. तिथपर्यंत काय करून ठेवायचं आणि नाव हाती आल्यावर काय तपासायचं, ते इथे मांडतो आहे. तुम्ही खरोखरीच्या सल्लागार समितीवर असा किंवा वर्गातल्या मुलांकडून ही निवड करून घेत असा, क्रम हाच.

पहिला प्रश्न: माणूस हवाच का?

एखाद्या नोटेवरच्या चेहऱ्याकडे भिंगातून पाहा. गालावरची सावली म्हणजे बारीक रेषांची जाळी असते. गाल वळतो तिथे रेषा वळतात, डोळ्याखाली तुटून ठिपके होतात. बोट फिरवलं तर शाईचा उठाव लागतो. अशा चेहऱ्यात ओठाची कड केसभर सरकली तरी पाहणाऱ्याला काहीतरी बिनसलंय हे जाणवतं, कारण चेहरे ओळखण्यात आपण सगळेच तान्हेपणापासून तरबेज. पाकळी थोडी बिघडली तर कोण बघतो? खोट्या नोटांविरुद्ध चेहरा हा असा जुना पहारेकरी आहे. मानसन्मान वगैरे त्यानंतर.

पण माणसाशिवायही चलन चालतं. युरोच्या नोटा २००२ साली हातात आल्या तेव्हा त्यांवर एकही माणूस नव्हता. कोणत्या देशाचा कवी घ्यायचा यावरून भांडणं नकोत, म्हणून रचनाकार रॉबर्ट कालिना यांनी खिडक्या, दरवाजे आणि पूल काढले. पूलही काल्पनिक, कुठल्याच देशात नसलेले. पुढे नेदरलँड्समधल्या स्पायकेनिस गावाने ते पूल खरोखर बांधून टाकले, आणि कोणाचेच नसलेले पूल एका गावाचे झाले! २०१३ पासूनच्या मालिकेत जलचिन्हात, म्हणजे नोट उजेडात धरली की दिसणाऱ्या चित्रात, चेहरा आला तोही ग्रीक पुराणकथेतल्या युरोपा नावाच्या राजकन्येचा, लूव्र संग्रहालयातल्या एका प्राचीन कलशावरून घेतलेला. म्हणजे चेहऱ्याचा फायदा मिळाला आणि कोणा खऱ्या माणसावरून वादही झाला नाही. नॉर्वेने २०१७ पासूनच्या नोटांवर समुद्र हा विषय घेतला आणि माणसं बाजूला ठेवली, तर युरोपची मध्यवर्ती बँक उलट्या दिशेने निघाली. जानेवारी २०२५ मध्ये तिने पुढच्या नोटांसाठी जे दोन विषय मांडले, त्यातल्या एकात गायिका मारिया कॅलास, संगीतकार बेथोव्हेन, शास्त्रज्ञ मारी क्यूरी, लेखक सर्व्हांतेस, चित्रकार लिओनार्दो आणि शांततावादी लेखिका बेर्था फॉन झुटनर आहेत.

तेव्हा समितीच्या पहिल्या बैठकीत हाच एक विषय ठेवा आणि लेखी कारणासह निकाल लावा. ‘पूर्वीपासून माणसं आहेत म्हणून’ हे कारण धरू नका. देशात एकाच इतिहासाच्या दोन गोष्टी सांगितल्या जात असतील आणि दोन्ही गटांच्या मनातल्या जखमा ओल्या असतील, तर पक्षी आणि नद्या हा पळपुटेपणा ठरत नाही.

शेवटची सही कोणाची, ते कागदावर आणा

समिती सुचवते आणि ठरवतो दुसराच, असं बहुतेक देशांत असतं. भारतात रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या कलम २५ नुसार नोटेची रचना मध्यवर्ती मंडळाच्या शिफारशीनंतर केंद्र सरकार मंजूर करतं. अमेरिकेत हा अधिकार अर्थमंत्र्यांकडे आहे. इंग्लंडमध्ये अखेरचा शब्द बँकेच्या गव्हर्नरचा. हे आधीच स्पष्ट नसेल तर वर्षभराचं काम एका फोनवर फिरतं. शिफारस नाकारली तर सही करणाऱ्याने कारण लिहून द्यावं, एवढी अट मिळाली तरी पुष्कळ.

स्वातंत्र्यानंतर भारतात इंग्लंडच्या राजाच्या जागी गांधीजींचं चित्र घ्यायचा विचार होता, तशा रचनाही तयार झाल्या होत्या. शेवटी एकमत झालं ते सारनाथच्या सिंहशीर्षावर. गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. तयार झालेली रचना वीस वर्षं थांबू शकते, हे समितीने मनात धरून ठेवावं.

नावं येण्याआधी नियम

नियम नावांच्या आधी लिहिले तर ते नियम राहतात. नावं आल्यावर लिहिले की ते कोणाला तरी आत घ्यायला किंवा बाहेर काढायला लिहिलेले दिसतात, आणि खरं तर तसेच असतात.

पहिला नियम जिवंत माणसाचा. अमेरिकेत नोटछपाईचं काम पाहणारे स्पेन्सर क्लार्क यांनी यादवी युद्धाच्या काळात निघालेल्या पाच सेंटच्या छोट्या नोटेवर चक्क स्वतःचा दाढीवाला चेहरा छापला. लोकप्रतिनिधी खवळले आणि १८६६ साली हयात माणसाचं चित्र नोटांवर घ्यायला कायद्याने बंदी आली. ती आजही आहे. त्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. ४४ मध्ये, जूलियस सीझरने हयातीत रोमच्या नाण्यावर आपला चेहरा आणला. त्याच वर्षी त्याचा खून झाला. नाण्यामुळेच झाला असं नाही, पण विरोधकांना आणखी एक पुरावा मिळाला असणार.

हयात माणसाची खरी अडचण पुढे काय होईल ही असते. झाईरमध्ये (आजचा काँगो) हुकूमशहा मोबुटू यांची राजवट १९९७ साली कोसळली. नव्या नोटा येईपर्यंत जुन्या चालवायच्या होत्या, तेव्हा त्यांवरच्या मोबुटूंच्या चेहऱ्याच्या जागी भोक पाडून त्याच नोटा वापरल्या गेल्या. अपवादही आहे. न्यूझीलंडने १९९२ साली एडमंड हिलरी यांना त्यांच्या हयातीतच पाच डॉलरच्या नोटेवर घेतलं. ते २००८ पर्यंत जगले आणि पश्चात्ताप करायची वेळ कोणावर आली नाही. तरी माझं मत विचाराल तर अपवादाचं दार बंदच ठेवावं. हिलरी क्वचित मिळतात.

दुसरा नियम मृत्यूनंतर किती वर्षं जायला हवीत याचा. कॅनडाने आपल्या दहा डॉलरच्या नोटेसाठी २०१६ साली लोकांकडून नावं मागवली तेव्हा किमान २५ वर्षं ही अट होती. मला हा आकडा बरा वाटतो. तेवढ्यात पत्रं, खटले, डायऱ्या बाहेर आलेल्या असतात आणि शोककाळातला उमाळाही ओसरलेला असतो. तिसरा नियम: व्यक्ती काल्पनिक नसावी. चौथा: देशाशी नातं जन्माने, नागरिकत्वाने की कामाने मोजायचं? हा किरकोळ वाटतो आणि शेवटी सगळ्यात जास्त छळतो. आजच्या क्रोएशियात, सर्ब घरात जन्मलेले संशोधक निकोला टेस्ला सर्बियाच्या १०० दिनारच्या नोटेवर आहेत. क्रोएशियाने आपल्या युरोच्या काही नाण्यांसाठी टेस्लाच निवडले, तेव्हा सर्बियाच्या मध्यवर्ती बँकेने हरकत घेतली. क्यूरी तर पोलंडच्याही नोटेवर येऊन गेल्या आणि फ्रान्सच्याही. वाटून घेतलेली माणसं घ्यायला हरकत नाही, फक्त शेजाऱ्याला बातमीतून कळू देऊ नका.

लोकांना विचारा, पण मतपेटी ठेवू नका

इथे बँक ऑफ इंग्लंडची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. ५० पौंडांच्या नोटेसाठी २०१८ च्या अखेरीस तिने आधी फक्त क्षेत्र जाहीर केलं: विज्ञान. मग लोकांना नावं विचारली. २,२७,२९९ सूचना आल्या. नियमांच्या चाळणीतून त्यातली ९८९ वेगवेगळी नावं उरली. समितीने बारा पर्याय निवडले आणि गव्हर्नर मार्क कार्नी यांनी जुलै २०१९ मध्ये गणितज्ञ आणि संगणकशास्त्राचा पाया घालणारे अॅलन ट्युरिंग यांचं नाव सांगितलं. कॅनडात २६ हजारांहून जास्त सूचनांतून ४६१ पात्र नावं, मग बारा, मग पाच, मग एक.

या दोन्ही ठिकाणी लोकांनी नावं सुचवली, मतं दिली नाहीत. एखादं नाव दोनदा आलं काय आणि वीस हजार वेळा आलं काय, चाळणीत त्याला एकच जागा. याचं कारण हवं असेल तर स्कॉटलंडकडे बघा. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २०१६ साली दहा पौंडांच्या नोटेसाठी फेसबुकवर मतदान घेतलं. गणितात आणि खगोलशास्त्रात नाव कमावलेल्या मेरी सॉमरव्हिल पुढे होत्या. अगदी शेवटी पूल बांधणारे अभियंते थॉमस टेलफर्ड यांना अचानक ढीगभर मतं पडली, आणि त्यातली बरीचशी ब्रिटनच्या बाहेरून आलेली निघाली. बँकेला निकाल थांबवून तपास करावा लागला. नोटेवर सॉमरव्हिल आल्या, पण निष्कारण संशयाचा शिंतोडा घेऊन.

क्षेत्र आधी जाहीर करण्याचा आणखी एक फायदा होतो. शास्त्रज्ञ विरुद्ध सेनापती ही तुलनाच करावी लागत नाही. ती करताही येत नाही, आपण उगाच आव आणतो.

कोण जातंय, ते बघा

समित्या सगळ्यात जास्त इथे ठेचकाळतात. नवं कोण येतंय याकडे सगळ्यांचं लक्ष, आणि कोणाची जागा रिकामी होतेय याकडे कोणाचंच नाही. २०१३ साली बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांच्या नोटेवर चर्चिल येणार असं सांगितलं. चर्चिलच्या नावाला काय हरकत असणार? पण त्या नोटेवर तोवर एलिझाबेथ फ्राय होत्या, तुरुंगसुधारणेसाठी झटलेल्या. त्या गेल्या की राणी सोडून एकाही नोटेवर बाई उरत नव्हती. कार्यकर्त्या कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांनी मोहीम उभारली, हजारोंनी सह्या केल्या, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बँकेने दहा पौंडांसाठी कादंबरीकार जेन ऑस्टेन यांचं नाव जाहीर करून निवडीच्या पद्धतीचा फेरविचारही केला.

म्हणून सगळ्या नोटा एका टेबलावर शेजारी शेजारी मांडून बघा. एकेक नाव निर्दोष आणि सगळी मिळून एकाच शहरातले, एकाच थरातले पुरुष, असं सहज घडतं. ऑस्ट्रेलियाने बहुतेक नोटांवर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्री घेऊन हा गुंता सोडवला. तरी मोजदाद म्हणजे सगळं नव्हे. दक्षिण कोरियाने २००९ साली ५०,००० वॉनच्या नोटेवर चित्रकार आणि कवयित्री शिन साइमदांग यांना आणलं, तेव्हा काही स्त्री संघटनाच नाराज झाल्या. थोर मुलाची आदर्श आई ही त्यांची प्रतिमा पुढे केली जातेय, असा त्यांचा आक्षेप होता. बाई आली, पण कोणत्या कारणासाठी आली, हे लोक बघतात.

विरोधी वकील नेमा

अखेरच्या पाच-सहा नावांपैकी प्रत्येकासाठी एक फाइल करा. डावीकडे काम, उजवीकडे आक्षेप. उजवी बाजू लिहायला त्या नावाच्या चाहत्याला बसवू नका. समितीतल्या एकाला मुद्दाम विरोधी वकील करा आणि दर नावाला माणूस बदला, नाहीतर तो एकटाच सगळ्यांचा शत्रू होतो.

माझी कसोटी साधी आहे. या माणसाच्या निर्णयाने ज्यांच्या घरादाराची राखरांगोळी झाली, त्यांच्या नातवंडांना ही नोट रोज हातात घ्यावी लागेल. पुतळा टाळून दुसऱ्या रस्त्याने जाता येतं, नोट टाळता येत नाही. अँड्र्यू जॅक्सन १९२८ पासून अमेरिकेच्या वीस डॉलरवर आहेत. १८३० च्या कायद्याने त्यांनी मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावलं. गंमत म्हणजे कागदी चलनावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. त्यांच्या जागी गुलामगिरीतून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन येतील, अशी घोषणा एप्रिल २०१६ मध्ये झाली आणि काम रखडलं. जपानने १९६३ साली हजार येनवर आपले पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांना घेतलं. कोरियात मात्र ते जपानी वसाहतीच्या अंमलाचा चेहरा म्हणून ओळखले जात. २०२४ च्या दहा हजार येनवर उद्योजक शिबुसावा एइइची आले तेव्हाही कोरियातून टीका झाली, कारण त्यांच्या बँकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियात काढलेल्या नोटांवर त्यांचंच चित्र होतं.

उजवा रकाना रिकामा असलेला माणूस शोधत बसू नका, तो मिळणार नाही. आक्षेप कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. ट्युरिंग यांना १९५२ साली समलैंगिक संबंधांबद्दल शिक्षा झाली होती. तीही आक्षेपाच्या बाजूला लिहावी लागेल, पण आज वाचताना ती ट्युरिंग यांच्यावरचा ठपका वाटत नाही, शिक्षा देणाऱ्यांवरचा वाटतो.

चेहरा मिळतो का?

थोर माणसाचं विश्वासार्ह चित्रच नसलं तर पुढे सरकता येत नाही. जपानमध्ये अलीकडे फोटोंच्या जमान्यातली, म्हणजे मेइजी काळापासूनची (१८६८ नंतरची) माणसं निवडतात त्याचं हे एक कारण. कोरीवकाम करणाऱ्याला सुरकुत्या, मिशा, दाढी आवडतात, कारण तिथे रेषा खेळवायला जागा असते. गुळगुळीत तरुण चेहरा अवघड. लेखिका हिगुची इचियो चोविसाव्या वर्षी गेल्या, आणि २००४ च्या पाच हजार येनसाठी त्यांचा चेहरा कोरताना हाच त्रास झाला. तेव्हा कारागिराला नावं अंतिम होण्याआधी बैठकीत बोलवा.

चित्र मिळालं तर ते कोणी, कधी, कशासाठी काढलं ते विचारा. ऑस्टेन यांचं नोटेवरचं चित्र बहिणीने काढलेल्या साध्या रेखाटनावरून त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी केलेलं आहे, आणि त्यात चेहरा गोड करून घेतलाय असा आक्षेप आला. उलट स्कॉटलंडच्या पाच पौंडांवरच्या लेखिका नॅन शेपर्ड बघा. कपाळावर पट्टा आणि त्यात रत्न, एखाद्या दंतकथेतल्या राणीसारखा थाट. तो पट्टा म्हणजे स्टुडिओत पडलेली फिल्मची पट्टी होती, फोटो काढताना गंमत म्हणून त्यांनीच बांधून वर ब्रोच अडकवलेला. अशी गोष्ट असलेला फोटो सापडला तर सोडू नका.

परवानगी लेखी घ्या. ऑस्ट्रेलियाने १९६६ च्या एक डॉलरच्या नोटेवर आदिवासी चित्रकार डेव्हिड मलांगी यांचं चित्र त्यांना न विचारता वापरलं, आणि भरपाई नंतर द्यावी लागली.

नोटेवरचं वाक्य, आणि स्पेलिंग

नाव ठरलं की सगळे सैलावतात, आणि चुका इथे होतात. ऑस्टेन यांच्या नोटेवर वाक्य आहे: वाचनासारखा आनंद दुसऱ्या कशात नाही, अशा अर्थाचं. छान आहे की! मूळ कादंबरीत ते म्हणते कॅरोलिन बिंगली. श्रीमंत नायक डार्सीवर छाप पाडायला ती त्याच्याच पुस्तकाचा दुसरा भाग घेऊन बसलेली असते, कंटाळून जांभई देते आणि मग हे वाक्य फेकते. लेखिकेने ज्या ढोंगाची टर उडवली, ते तिच्याच नावाने छापलं गेलं. म्हणून वाक्य निवडणाऱ्याला त्याच्या मागची-पुढची दोन पानं वाचायला लावा आणि ते कोणाच्या तोंडी आहे ते फाइलमध्ये लिहून घ्या.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेची. २०१८ साली आलेल्या या नोटेवर तिथल्या संसदीय इतिहासातल्या पहिल्या महिला लोकप्रतिनिधी एडिथ कोवन यांच्या भाषणाचा तुकडा अतिसूक्ष्म अक्षरांत आहे. त्यात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या शब्दातला एक ‘आय’ राहून गेला. जबाबदारी या शब्दातच! चूक उघड झाली मे २०१९ मध्ये, तोवर ४ कोटी ६० लाख नोटा छापून झाल्या होत्या. त्या रद्द कोण करणार? पुढच्या छपाईत सुधारू, एवढंच बँकेला म्हणता आलं. प्रकल्पाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाकडून अंतिम नमुना अक्षर अक्षर वाचून घ्या, आणि उलट्या क्रमानेही, कारण ओळखीचं वाक्य डोळे आपोआप पूर्ण करतात.

मूल्य, वेळापत्रक, घोषणा

मोठ्या मूल्याच्या नोटेवर असणं मानाचं, हा समज सोडा. छोटी नोट जास्त हातांतून फिरते. एखाद्याची ओळख सगळ्यांना व्हावी असं वाटत असेल तर त्याला छोट्या नोटेवर घ्या. वेळ भरपूर धरा: जपानने २०१९ च्या एप्रिलमध्ये नावं सांगितली आणि नोटा आल्या ३ जुलै २०२४ ला. ट्युरिंग यांची नोट घोषणेनंतर जवळपास दोन वर्षांनी, २३ जून २०२१ रोजी, त्यांच्या वाढदिवशी निघाली. ती जन्मतारीखही द्विमान अंकांत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नोटेवर आहे. जुन्या नोटा किती दिवस चालतील हे घोषणेच्याच दिवशी सांगा, नाहीतर चेहऱ्याची बातमी बाजूला राहून रांगा लागतात.

घोषणेत नावाबरोबर नियम, शेवटची यादी आणि कारणं द्या. जी नावं मागे पडली त्यांच्या फाइल्स जपून ठेवा. पुढच्या समितीला त्या लागतील.

आणि वारस हयात असतील तर त्यांना वर्तमानपत्रांच्या आधी सांगा. कॅनडाच्या दहा डॉलरवर आलेल्या व्हायोला डेझमंड १९४६ साली न्यू ग्लासगोच्या चित्रपटगृहात गोऱ्यांसाठीच्या जागेवरून उठल्या नाहीत, म्हणून त्यांना तुरुंगात रात्र काढावी लागली आणि तिकिटावरच्या एका सेंटच्या कराचं निमित्त करून दंड झाला. त्यांच्या धाकट्या बहीण वांडा रॉबसन यांना घोषणेच्या वेळी बोलावलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये नोट चलनात आली तेव्हा तिच्यावरची पहिली खरेदीही त्यांनीच केली. व्हायोलावर त्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक विकत घेतलं आणि ते नातीच्या हातात दिलं.